वृंदगानात दुसरा आवाज कसा बसवू? एम. बी. श्रीनिवासन यांच्याबद्दल पण विचारायचंय

पूर्वभागवाली

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते, रविवारी सकाळी आसपासच्या पोरांना गाणं शिकवते. सध्या 34 पोरं आहेत, वय 9 ते 16, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, मराठी घरची निम्मी पण नसतील, पण एकत्र गायला लागली की कळत नाही ओ कोण कुठल्या घरचं ते. एका सुरात छान गातात. आता मला दोन आवाजात बसवायचंय, भूप रागात एक चाल मीच बांधलीय, पण दुसरा गट दोन ओळींत पहिल्याच्याच चालीवर जातो, पोरं कानावर हात ठेवून गातात आणि मग कुणीच कुणाला ऐकत नाही.

अजून एक, 14 वर्षांच्या एका पोराचा आवाज फुटला आणि त्यानं यायचंच बंद केलं. गटातला सगळ्यात सुरेल पोरगा तो. मला फार लागलंय ते.

आणि एका मैत्रिणीनं एम. बी. श्रीनिवासन यांचं नाव सांगितलं, त्यांनी मद्रासला असंच काम केलंय म्हणे. कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

चेन्नईहून_परत

मी मूळचा मुरारजी पेठेतला, नोकरीनिमित्त 11 वर्षं चेन्नईत होतो, तिथं मद्रास युथ कॉयर, म्हणजे तिथलं वृंदगानाचं पथक, ऐकलंय आणि त्या दिवसापासून एमबीएस, म्हणजे हेच श्रीनिवासन, माझ्या डोक्यात बसलेत. जन्म 1925 चा, चित्तूरचे. मल्याळम सिनेमाचे मोठे संगीतकार. येसुदासांना सिनेमात पहिल्यांदा गायला लावलं ते यांनीच, 1961 साली, आणि ओळी कुठल्या तर केरळचे समाजसुधारक नारायण गुरू यांच्या, जात नाही धर्माचा द्वेष नाही अशा अर्थाच्या. पहिल्या गाण्याला असल्या ओळी देणारा माणूस पुढं कॉयरच काढणार ना! 1970 च्या आसपास त्यांनी मद्रास युथ कॉयर उभं केलं, ते स्वतः गाणी बसवायचे, स्वतःच समोर उभं राहून गाऊन घ्यायचे, आणि एका भाषेवर थांबले नाहीत, वेगवेगळ्या भाषांतली गाणी तीच मंडळी गायची. 1988 ला लक्षद्वीपला गेलेले असताना वारले.

मला त्यांची एक गोष्ट फार पटते, चाल आपल्या मातीतली ठेवायची आणि तिच्याखाली दुसरा तिसरा आवाज असा घालायचा की चालीचा जीव जाऊ नये. चर्चच्या कॉयरची नक्कल नाही वाटत ते. सलील चौधरींनी 1958 ला मुंबईत बॉम्बे युथ कॉयर काढलं, त्याच साली रुमा गुहा ठाकुरतांनी कलकत्त्यात काढलं, ही सगळी एकाच ओढीची माणसं. तुमच्याकडं चार भाषांची पोरं आयती आहेत ताई, सगळ्यांना एकमेकांच्या भाषेतलं एकेक कडवं शिकवा की.

पेटीमास्तर

ताई, 31 वर्षं शाळेत संगीत शिकवलंय म्हणून सांगतो. आधी पट्टी कुठली घेताय, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर सा धरताय, ते बघा. तुमची स्वतःची काळी चार असणार, त्या पट्टीत पोरं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरली की नुसती हवा येते, सूर येत नाही. पांढरी दोन घ्या आणि चाल मधल्या सा पासून तार सा, म्हणजे वरच्या सा, च्या आत ठेवा, बघा आवाज कसा उघडतो.

दुसरा आवाज एकदम वेगळ्या चालीचा देऊ नका. पहिला महिना निम्म्यांनी फक्त सा धरायचा, निम्म्यांनी गायचं, मग अदलाबदल. सा धरणाऱ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारचा घेईल तेव्हा आपण गायचं, म्हणजे सूर तुटत नाही. हे जमलं की तीच चाल दुसऱ्या गटानं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, उशिरा सुरू करायची. भूप त्यासाठी फार चांगला, म आणि नि नाहीत त्यामुळं ग-म, नि-सा असे टोचणारे सूर एकमेकांवर येतच नाहीत. फक्त सगळ्या ओळी सारख्या मात्रांच्या हव्यात. आणि कान झाकू देऊ नका, दुसऱ्याचं ऐकत आपलं धरून ठेवणं हेच तर शिकायचंय.

समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच्या मात्रेला तुम्ही पोरांना दिसेल असा श्वास घ्या, हात वर. 34 जण एकदम उचलतील.

आता तो पोरगा. त्याच्या घरी जा. आवाज फुटणं म्हणजे गळा मोठा होतोय, आजार नाही. वर ओरडायला लावू नका, त्याला मंद्र प, मंद्र ध आणि सा एवढेच तीन सूर द्या, तुमच्या गटाला खालचा आवाज त्याच्यामुळंच मिळेल. माझ्या उमेदीत मी अशा पोरांना "तू नुसतं उभा राहा" म्हणायचो. एक पोरगा त्यानंतर परत कधीच गायला नाही. चुकलं माझं.

भैय्या_चौक

वसंत देसाईंना विसरू नका, शाळकरी पोरांना हजारोंच्या संख्येनं एकत्र गायला लावणारा माणूस. आणि चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर शांतारामबापूंनी 1946 ला जो सिनेमा काढला त्याचं संगीत पण त्यांचंच. पोरांना एकदा कोटणीसांच्या स्मारकात घेऊन जा.

पूर्वभागवाली

मास्तर, काल त्याच्या घरी गेले होते. आधी बाहेरच येईना. मी म्हणलं तीन सूर आहेत आणि ते गटात फक्त तुलाच लागतात, दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. आज आला. पांढरी दोन लावली, बाकीच्यांनी चाल धरली आणि यानं खाली मंद्र प लावला, तसं पुढची बारकी पोरं गाता गाता थांबून मागं वळून बघायला लागली. आवर्तनाचं अजून घसरतंय, पण सा धरणारा गट तीन मिनिटं टिकला.

12 जानेवारीला चार पुतळ्यापाशी गायचं ठरवलंय. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे हे सोलापूरचे चार हुतात्मे, चौघं चार घरची आणि 1931 ला याच दिवशी एकत्र फासावर गेली, म्हणून चार भाषांत चार कडवी. तेलुगू आणि उर्दूचं पोरांच्या आज्या बघतायत. कन्नड कडव्यात एका ओळीला दोन मात्रा जास्त होतायत, मास्तर, शब्द बदलू का चाल थोडी ओढू?