मदत हवी आहे: बाबांची नजर घरी ६/९, दुकानात ६/१८, खरे कोणते मानावे?

मृण्मयी_क: बाबांना बसची पाटी वाचता येईना म्हणून काल त्यांना चष्म्याच्या दुकानात नेले, तर डाव्या डोळ्यापुढे ६/१८ लिहून मिळाले. घरी नजर तपासायचा तोच अक्षरांचा तक्ता पूर्ण आकारात छापून लावला असता त्यांनी ६/९ची ओळ न अडखळता वाचली. दुकानदार चष्मा खपवण्यासाठी नजर कमी दाखवतो आहे का? संध्याकाळी ऑर्डर द्यायची आहे, कृपया लवकर सांगावे.

चौकस: तक्ता किती अंतरावर होता, उजवा डोळा झाकला होता का आणि बाबांचे वय काय, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

मृण्मयी_क: अंतर दहा फूट, डोळा तळहाताने झाकला होता, वय ६३. दुकानातली खोलीही दहाच फुटांची होती, त्यामुळे अंतराचा प्रश्न येत नाही.

सूर्योपासक: माझ्या मामांचा चष्मा त्राटकाने, म्हणजे एकटक पाहण्याच्या साधनेने सुटला. दुकानात जाताच कशाला?

खडूफळा: त्राटकाने मन स्थिर होत असेल, नंबर उतरत नाही. मामांनी नंतर तक्ता वाचून पाहिला होता का?

परवानाधारक: चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

मृण्मयी_क: बाबा गाडी चालवत नाहीत.

चौकस: दुकानात आरसा होता का?

मृण्मयी_क: होता. उलट्या अक्षरांचा तक्ता बाबांच्या डोक्यामागे होता आणि ते समोरच्या आरशात पाहून वाचत होते. त्याने काय फरक पडतो?

चौकस: तेथेच सगळा घोळ आहे. आरशापर्यंतचे दहा फूट आणि तेथून मागच्या तक्त्यापर्यंतचे दहा फूट मिळून वीस, म्हणजे सुमारे सहा मीटर होतात. निरोगी डोळा जी ओळ नऊ मीटरवरून वाचतो ती सहा मीटरवरून वाचता आली, तर ६/९ म्हणतात. बाबांनी ती तीन मीटरवरून वाचली, म्हणजे ३/९, आणि तेच ६/१८. दुकानदार खोटे बोललेला नाही. आता जाड पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून त्यातून वाचायला सांगा. नजर सुधारली, तर दोष बहुधा चष्म्याने जाणारा आहे.

मृण्मयी_क: छिद्रातूनही तीच ओळ, पुढची नाही. आणि बाबांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे, हे लिहायचे राहिले.

खडूफळा: हे आधी लिहायचे होते!

चौकस: मग ऑर्डर थांबवा. मोतीबिंदू असेल किंवा पडद्याला सूज असेल, ते दुकानात कळणार नाही. नेत्रतज्ज्ञांकडे बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून तपासून घ्या. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते, तेव्हा बाबांना एकटे पाठवू नका.