मदत हवी आहे: "बी पेरा, शंभरपट मिळेल" ऐकणाऱ्या मावशीला कसं समजवावं?

सर्वांना सलाम. माझी मावशी वर्षभर यूट्यूबवर एका ख्रिस्ती प्रचारकाला ऐकते. विश्वास खरा असेल तर आजार आणि गरिबी राहतच नाही, 'बी' म्हणून पैसे पाठवा, शंभरपट परत येईल, अशी त्याची शिकवण. पेन्शनमधले पैसे गेले, ते एक वेळ सोसलं असतं. पण आता इन्सुलिन घेणं म्हणजे अविश्वास, असं म्हणून ती डोस चुकवते.

बायबलमधला प्रेषित पौलाच्या 'देहातला काटा' (२ करिंथ १२), म्हणजे प्रार्थना करूनही न गेलेलं त्याचं दुखणं, मी तिला दाखवला. त्रफिम या सोबत्याला पौलाने मिलेत शहरात आजारी असतानाच मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), तेही. ती ३ योहान २ (योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं दुसरं वचन) पुढे करते. अहो, ते पत्र ज्याला लिहिलं त्या गायसाचं कुशल चिंतणारं वाक्य आहे, सगळ्यांना दिलेलं अभिवचन नव्हे!

२०१० च्या केपटाउन लोझान परिषदेच्या (जगभरच्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या सभेच्या) निवेदनात 'समृद्धीच्या सुवार्ते'तली, म्हणजे विश्वासाने पैसा-आरोग्य मिळतंच अशी, ही शिकवण नाकारली आहे. पण मावशीला मराठीतलं, साध्या भाषेतलं काही हवं. कुणाकडे आहे का?

आणखी एक. काका गेले तेव्हा आम्ही कुणी फारसे फिरकलो नाही, त्या प्रचारकाच्या मंडळींनी मात्र रोज फोनवर प्रार्थना केली. अशा वेळी पाळकसाहेबांना घरी न्यावं, की ती दुखावेल? घरात असा अनुभव आलेल्यांनी कृपया सांगा. डॉक्टरांना कळवलं आहे.