ताईची मदत कोणत्या अटींवर घ्यावी? (मदत हवी आहे)

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज चढत असल्याने पगारातून भरलेली रक्कम मुद्दलापर्यंत पोहोचतच नाही. हे पाहून थोरल्या ताईने स्वतःच्या पाटल्या बँकेत तारण ठेवून सारी बाकी एकदम फेडण्याचे सुचवले आहे, आणि सोनेतारणाचे व्याज याच्या निम्म्याहूनही कमी पडते, हे मलाही मान्य आहे. 20,000 रुपये वा त्याहून अधिक उसनवारी रोखीने घेता येत नसल्याने पैसे खात्यावरच येतील. मात्र ताई लिखापढीला तयार नाही (‘भावाकडून कागद कसला घ्यायचा?’) आणि दाजींना हे कळू नये, असा तिचा आग्रह आहे, जो मला मुळीच पटत नाही. तिचे मन न दुखावता दाजींना विश्वासात कसे घ्यावे, आणि हप्ता, मुदत व व्याज लेखी कसे ठरवावे?