सल्ला हवा: १९व्या शतकातली स्पॅनिश वास्तववादी कादंबरी कुठून वाचायला घेऊ?

बाल्झाक, फ्लोबेर इंग्रजीतून वाचून झाले, रशियनही बऱ्यापैकी. त्याच काळातल्या स्पॅनिश कादंबऱ्यांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. शोधलं की गाल्दोसची 'फोर्तुनाता इ हासिंता' समोर येते, पण चार भागांचा तो ठोकळा एकदम हातात घ्यायचा धीर होत नाही. नोकरी आणि घर सांभाळून रात्री थोडंथोडं वाचते. स्पॅनिश येत नाही, इंग्रजी अनुवाद चालतील.

प्रतिसाद १

गाल्दोसपासूनच करा, पण 'मिसेरिकोर्दिया' (१८९७) घ्या. आटोपशीर आहे. माद्रिदच्या सान सेबास्तियान चर्चच्या दारातल्या भिकाऱ्यांपासून ती सुरू होते. त्यांच्यातही मानपान आहेत, जुन्यांचा मान मोठा, नव्यांनी दबून राहायचं. त्यातच बेनिना ही म्हातारी मोलकरीण. तिची मालकीण एके काळची सुखवस्तू, आता कफल्लक. तिच्या पोटात दोन घास जावेत म्हणून बेनिना भीक मागते, आणि घरी सांगते की डॉन रोमुआल्दो नावाच्या पाद्र्याकडे स्वयंपाकाला जाते. हा पाद्री तिनं मनानंच रचलेला. पुढे त्याच नावाचा खराखुरा पाद्री दारात येऊन उभा राहतो! यापुढचं सांगत नाही.

गरिबांच्या वस्त्यांत आपण सरकारी डॉक्टर असल्याचं सोंग घेऊन हिंडलो, असं गाल्दोसनं नंतर प्रस्तावनेत लिहिलंय. ते पानोपानी जाणवतं.

मग 'मिआउ' (१८८८). १८६८च्या क्रांतीत राणी इसाबेलला देश सोडावा लागला, थोड्या वर्षांत राजेशाही परत आली. सरकार बदललं की कारकुनांच्या नोकऱ्या जायच्या. विल्याआमिल असाच घरी बसलेला, पेन्शनला अवघे दोन महिने कमी पडलेले. वशिल्यासाठी तो पत्रं खरडतो आणि ती घेऊन नातू शहरभर फिरतो. माझ्या मते गाल्दोसची खरी ताकद इथे आहे: पैसा नसताना पांढरपेशेपणा टिकवण्याची धडपड त्याच्याइतकी बारकाईनं फार कमी लोकांनी लिहिली आहे.

प्रतिसाद २

गाल्दोस थोर आहेच, पण एकच पुस्तक वाचणार असाल तर क्लारीनची 'ला रेखेंता' (१८८४-८५) वाचा. वेतुस्ता हे गाव म्हणजे नाव बदललेलं उत्तर स्पेनमधलं ओविएदो. सुरुवातीला दुपारी सगळं गाव जेवून सुस्तावलंय, वाऱ्यानं रस्त्यात धूळ, चिंध्या, कागदाचे कपटे उडताहेत, आणि कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून एक पाद्री दुर्बिणीतून घरं न्याहाळतोय. गाव त्याच्या मुठीत आहे हे तिथेच कळतं. ३० प्रकरणांपैकी पहिल्या निम्म्यात जेमतेम तीन दिवस जातात, उरलेल्यात तीन वर्षं. पहिला अर्धा भाग संथ वाटेल, पण नेट लावा. आना या नायिकेची घुसमट त्या संथपणातूनच अंगावर येते.

प्रतिसाद ३

एमिलिया पार्दो बासान विसरू नका. 'लोस पासोस दे उयोआ' (१८८६) वायव्य स्पेनमधल्या गालिसियातल्या पडझड झालेल्या वाड्यात घडते. भाबडा तरुण पाद्री तिथे येतो आणि पहिल्याच रात्री मोठी माणसं लहान पोराला दारू पाजताना बघतो. वाड्यावर खरी सत्ता कुणाची, हे हळूहळू उलगडतं. या बाईंना स्पॅनिश अकादमीनं सदस्यत्व नाकारलं, केवळ बाई म्हणून. मला अजूनही त्याचा संताप येतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! 'मिसेरिकोर्दिया' मागवते. 'फोर्तुनाता' मग कधी घेऊ?

प्रतिसाद १

'मिआउ' आवडली की लगेच. पहिल्या भागात कापड व्यापाऱ्यांच्या घराण्यांचा गोतावळा येतो, तो गाळू नका ताई. चीनहून येणाऱ्या रंगीत भरतकामाच्या शालींची फॅशन ओसरते, त्याबरोबर दुकानं आणि घराणी बदलतात. हा व्यापार समजला की नायक हुआनितोसारखा आयत्या पैशावर वाढलेला पोरगा कुठून आला ते कळतं. मग तो एका जिन्यावर कच्चं अंडं खाणाऱ्या फोर्तुनाताला पाहतो, आणि तिथून पुस्तक खाली ठेवणं कठीण. आणि हो, अनुवादकांच्या प्रस्तावना शेवटी वाचा, त्यात बहुधा कथानक आधीच फोडलेलं असतं.