काल्पनिक शहरातल्या ‘डिस्ट्रिक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

वीस_पडले:
मदत हवी आहे. आम्ही पाचजण दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो. गेल्या महिन्यात ठरलं की आता पूर्ण मराठीत खेळायचं. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच. नदीकाठचं, तटबंदी असलेलं शहर आखलं, नकाशा रंगवला आणि ‘मर्चंट डिस्ट्रिक्ट’चं ‘व्यापारी विभाग’ केलं. पहिल्याच सत्रात चोराचं पात्र घेतलेला मित्र म्हणाला, “इथे पाणीपट्टी भरायला कुठल्या खिडकीवर जायचं?” झालं! सगळं शहर महापालिकेचं वाटायला लागलं. शब्द सुचवा. ‘जिल्हा’ म्हणणाऱ्यावर पहिल्याच फेरीत ड्रॅगन सोडण्यात येईल. जमलं तर सिटी गेट आणि गिल्डलाही (एका धंद्यातल्या कारागिरांचा संघ) शब्द द्या.

कसब्यातला:
एकच शब्द शोधताय, तिथेच गाडी अडलीय. आपल्या जुन्या शहरांत पेठ होती, पुरा होता, आळी होती, वाडा होता. आणि ती वस्ती कोणी, कशासाठी केली हे त्या शब्दातच असायचं.

पेठ म्हणजे मुळात बाजार. कानडीत पेटे, तमिळमध्ये पेट्टै, एकाच घरातली भावंडं. पेठ आपोआप वाढत नाही, ती वसवावी लागते. पेशवाईत एखाद्याला शेटेपण द्यायचे आणि वसणाऱ्यांना कौल: या, दुकानं मांडा, अमुक वर्षं कर माफ. बाजार सांभाळायचे शेटे-महाजन, त्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले. आता तुमच्या ‘व्यापारी विभागा’ची पेठ करून बघा. एक शेटे फुकटात मिळाला. करमाफी येत्या दसऱ्याला संपणार असं ठरवा, भांडणही मिळालं.

आळी म्हणजे ओळ, बहुतेकदा एका धंद्याची. आमच्या पुण्यातली तांबट आळी घ्या. नाव उच्चारलं की ठोके ऐकू येतात, डीएमला वर्णन वाचून दाखवायची गरज नाही. कुंभारवाडा मात्र वाडाच. तिथे नुसती घरांची रांग पुरत नाही. माती, पाणी आणि भट्टीला मोकळी जागा लागते. म्हणून तो नदीकडे ठेवा, सराफांच्या शेजारी नको.

वीस_पडले:
पण वाडा म्हणजे शनिवारवाडा ना?

कसब्यातला:
तोही. एका घराण्याचा वाडा वेगळा, एका समाजाच्या वस्तीचा वेगळा. मराठी माणूस संदर्भाने बरोबर ओळखतो, काळजी नसावी.

पाणचक्की:
‘पुरा’ राहून गेला. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावं मुघलांच्या बाजूने दख्खनेत आलेल्या राजपूत सरदारांवरून पडली. म्हणजे आधी सरदाराचा तळ, मग त्याच्यामागून लोहार, वाणी, मोदी, आणि मग कायमची वस्ती. शहरात परके सैनिक पिढ्यान्‌पिढ्या राहिलेत असं दाखवायचं असेल तर पेठ नको, पुराच हवा.

रंकाळ्यावरनं:
गेटला ‘दरवाजा’ म्हणालात तर किल्ला दिसतो. गावाला असते ती वेस. कोल्हापुरात वेशी कधीच गेल्या, पण गंगावेश म्हटलं की रिक्षावाला बरोबर सोडतो. येणारा-जाणारा प्रत्येकजण वेशीतून जाणार, म्हणून तर अब्रूची लक्तरं वेशीवर टांगायची. दवंडी, जकात, शिक्षा झालेल्याची धिंड, तुमचे सगळे प्रसंग तिथेच लावा.

आणि एक करा, प्रत्येक ठिकाणी चौक काढू नका. आमच्याकडे तिकटी असते, तीन रस्त्यांची: पापाची तिकटी, मिरजकर तिकटी. नकाशावर सगळेच रस्ते काटकोनात भेटले की ते शहर कालच बांधल्यासारखं दिसतं.

उंबरठा:
वेस आली की गावकूसही आलं. वेशीच्या आत कोण हे ठरवलंत, बाहेर कोणाला ठेवलंय? ‘गावकुसाबाहेर’ हा मराठीत नुसता पत्ता नाही. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारला २०२० साली घ्यावा लागला, इतकी ती टिकून होती. काल्पनिक शहरात आपल्या जाती आणू नका, पण तटाबाहेर कोण राहतं, आत कोणत्या कामासाठी येतं आणि दिवेलागणीला का परततं, हे ठाऊक असू द्या. नाहीतर तुमचा तट फक्त ड्रॅगनसाठी.

वीस_पडले:
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. बदलतो. एक शंका: सोमवार पेठेत बाजार सोमवारी, असंच ना?

कसब्यातला:
पुण्यात तो हिशेब सरसकट लागत नाही. शनिवार पेठ आधी मुर्तजाबाद होती, गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. वार मागून आले. खेळात वापरा: म्हाताऱ्या पात्रांच्या तोंडी जुनं नाव, सरकारी कागदावर नवं, आणि खेळाडू दोन वेगळ्या पेठा समजून अर्धं सत्र भटकतील.

देवळांची नावंही अशीच ठेवा. डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, गुपचुप गणपती. ‘प्रकाशदेवतेचे महामंदिर’ असा पत्ता कोणी सांगतं का हो?

लेणीवाचक:
गिल्डसाठी ‘संघटना’ नको, मोर्चा निघेल. ‘श्रेणी’ घ्या. आज तो शब्द निकालपत्रात अडकलाय, पण नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले: २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च. म्हणजे श्रेणी नुसती कारागिरांची टोळी नव्हे, पेढीसुद्धा. आणि एकाच गावात, एकाच धंद्याच्या दोन श्रेणी, दोन दर! तुमच्या चोराला काम मिळालं.

वीस_पडले:
चोर विचारतोय, श्रेणीच्या तिजोरीपर्यंत जमिनीखालून जाता येईल का? ‘सूअर’ला शब्द काय? (सूअर म्हणजे सांडपाण्याचं, डुक्कर नव्हे.)

कसब्यातला:
सांडपाण्याचं गटार. पण त्याहून बरी वाट आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून पुण्यातल्या हौदांत आणलं. नळाला वाटेत हवेसाठी बांधलेले धुराड्यासारखे उंच मनोरे आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळ असा की माणूस आत उतरून गाळ काढू शकेल.

वीस_पडले:
उच्छ्वास! चोराला अजून सांगत नाही. सांगितलं तर रविवारपर्यंत दोर विकत घेऊन बसेल.