शेतात फार्गो ट्रक सापडलाय, साल आणि इतिहास कसा काढायचा?

ऊसपट्टा:
मंडळी, कऱ्हाडजवळ चुलत्यांच्या मळ्यात गोठ्यामागे एक जुना ट्रक पडलाय, बॉनेटवरचं फार्गो अजून वाचता येतं. आजोबा यातनं कोल्हापूरचा गूळ मुंबईला न्यायचे, मग ऊस ओढला, शेवटी हौदा काढून पाण्याची टाकी बसवली. इंजिन पर्किन्सचं डिझेल आहे पण घरातले म्हातारे म्हणतात घेतला तेव्हा पेट्रोलवर होता. आरसी बुक सापडत नाहीये. भंगारवाला सारखा फेऱ्या मारतोय आणि चुलते द्यायला तयार झालेत, मला काही करून तो ठेवायचाय. हा अमेरिकेतनं आलेला की इथलाच? आणि असे अजून कुठे शिल्लक असतील का?

चासीवाला:
भाऊ, आधी चुलत्यांना थांबवा. फार्गो हे क्रायस्लरचंच नाव. डॉज, डिसोटो, फार्गो मुळात एकच ट्रक, विकणारा डीलर वेगळा म्हणून बॉनेटवरचं नाव वेगळं, त्यामुळे पार्ट शोधताना तिन्ही नावांनी शोधा. आपल्याकडचे बहुतेक कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ ला कंपनी काढली, क्रायस्लरशी करार केला, १९४७ पासून गाड्या निघायला लागल्या, आधी बाहेरून आलेले सुटे भाग जोडून आणि मग हळूहळू भाग इथेच बनवून. शिवडीला जनरल मोटर्सवाले तर १९२८ पासून शेवरले जोडत होते, पण नुसती जुळणी नको, गाडी इथेच बनवा असं सरकारी धोरण आलं आणि १९५४ ला त्यांनी गाशा गुंडाळला. त्याच वर्षी टेल्कोचे (म्हणजे आताची टाटा मोटर्स) मर्सिडीज ट्रक जमशेदपूरला सुरू झाले, पुढे सगळीकडे तेच दिसायला लागले.
घरचे म्हणतात ते पटण्यासारखं आहे. क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकणं तेव्हा नेहमीचं होतं, पेट्रोलचा खर्चच परवडायचा नाही. पर्किन्स पी-६, ४.७ लिटरचं, मद्रासला सिम्पसन कंपनीतही बनायचं. म्हणून इंजिन नंबरवरून ट्रकचं साल ठरवू नका, त्यावरून फक्त इंजिनचं वय कळेल. चासीवरचा नंबर शोधा. रॉकेल आणि वायर ब्रशने हळूहळू साफ करा, ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, अक्षरं गेली तर पुरावाच गेला. मग आरटीओसाठी काढतो तशी पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप, काढून ठेवा.

रंगारी:
केबिनबद्दल सांगते, माझे वडील बॉडी बिल्डर होते. कारखान्यातून बऱ्याचदा चासी आणि पुढचा कावल (बॉनेट आणि त्यामागचा पत्रा) एवढंच यायचं, केबिन आणि हौदा आपला सुतार लाकडात करायचा, म्हणून एकासारखा दुसरा ट्रक मिळत नाही. कृपा करून अमेरिकन फोटो बघून नवी केबिन करू नका, आहे ती जपा, तीच खरी तुमच्या आजोबांची गाडी. रंग खरवडायच्या आधी प्रत्येक थराचा फोटो काढा. खाली पब्लिक कॅरिअर, मालकाचं नाव, गाव, परमिटचं काहीतरी निघतं. जुनी नंबरप्लेट असेल तर बघा, बीएम किंवा बीवायने सुरू होत असेल तर नोंदणी मुंबई राज्यातली, म्हणजे १९६० च्या आधीची.
शिल्लक कुठे विचाराल तर नगरपालिकांचे आगीचे जुने बंब शोधा. कमी पळाले, शेडमध्ये राहिले म्हणून वाचले. माल वाहणारे मात्र मरेपर्यंत राबले आणि भंगारात गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

घाटउतार:
एक अडचण आधीच सांगून ठेवतो. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि खाजगी चारचाकी बसतात, मालवाहू ट्रक नाही. कार जपणाऱ्याला सोय आणि ट्रकवाल्याला काहीच नाही, हा अन्यायच आहे. तेव्हा रस्त्यावर आणायचं नंतर बघा. आरसीसाठी जुने विम्याचे कागद, टॅक्सच्या पावत्या, आजोबांच्या ट्रंका सगळं उपसा.

ऊसपट्टा:
सगळ्यांचे मनापासून आभार. चुलते दिवाळीपर्यंत थांबायला तयार झालेत. ट्रंकेत टॅक्सच्या पावत्या निघाल्या, त्यावर नंबर बीवायने सुरू होतो!! आता टाकी उतरवतोय, इंजिन फिरवून बघू का?

चासीवाला:
नको नको, लगेच हँडल मारू नका. इंजेक्टर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि चांगलं मुरू द्या, मग हाताने हळू फिरतंय का बघा. आणि टाकी उतरवायच्या आधी मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बघा, मोडलेले असले तर खाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणालाही ट्रकखाली जाऊ देऊ नका.