‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’मधले योगायोग आणि अर्धवट राहिलेला संवाद

शिशिरपर्ण

अमेरिकन विज्ञानकथालेखक टेड चियांग यांची ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ ही १९९८ साली प्रसिद्ध झालेली लघुकादंबरी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली आणि पहिल्या वाचनात न पडलेले प्रश्न आता पडले आहेत. पुढे कथानकाचा उलगडा आहे. ज्यांना रसभंग नको असेल त्यांनी इथेच थांबावे.

निवेदिका लुईस बँक्स ही भाषाशास्त्रज्ञ आहे. पृथ्वीवर आलेल्या सात पायांच्या परग्रहवासीयांची, म्हणजे हेप्टापॉडांची, भाषा शिकण्याचे काम लष्कराने तिच्यावर सोपवले आहे. त्यांचे लेखन अंगवळणी पडत जाते तसतसे तिला स्वतःचे पुढचे आयुष्य आठवू लागते. त्यात अजून न जन्मलेली मुलगी आहे आणि त्या मुलीचा पंचविसाव्या वर्षी गिर्यारोहण करताना होणारा मृत्यूही आहे. मी अडखळते ती दोन छोट्या प्रसंगांपाशी. एका प्रसंगात, दोन्ही बाजूंचा फायदा होणाऱ्या स्थितीसाठी तांत्रिक संज्ञा कोणती, असे मुलगी विचारते. आईला ती सुचत नाही. मग अनेक वर्षांपूर्वीच्या एका बैठकीत सहकाऱ्याच्या तोंडून निघालेला नेमका तोच शब्द तिच्या मदतीला येतो. दुसऱ्यात ती दुकानातून सॅलडचे लाकडी भांडे विकत घेते. मुलगी तीन वर्षांची असताना हेच भांडे ओट्यावरून तिच्या अंगावर पडून कपाळाला टाका घालावा लागणार आहे, हे आईला ठाऊक असते, तरीही ती ते घेते.

पहिला योगायोग लेखकाने स्वतःच्या सोयीसाठी जुळवल्यासारखा वाटत नाही का? आणि ठाऊक असूनही भांडे घेणारी आई विश्वसनीय वाटते का? हेप्टापॉड शेवटी काहीही न सांगता निघून जातात, तेही मला कथेतली उणीव वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

अपवर्तन

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्याच बाजूने उत्तर देतो. या कथेचा कणा प्रकाशाच्या मार्गाविषयीचे फर्माचे तत्त्व आहे आणि ते नजरेआड केले तर दोन्ही प्रसंग खरोखरच जुळवलेले वाटतील. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. याचे नेहमीचे स्पष्टीकरण कार्यकारणाचे आहे: पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती पट मंदावतो याचे माप) सुमारे १.३३ असल्याने तिथे प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून किरण दिशा बदलतो. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हीच घटना वेगळ्या तऱ्हेने मांडली. त्याच्या मते, दोन बिंदूंमधल्या शक्य मार्गांपैकी ज्याला कमीत कमी वेळ लागतो तो मार्ग प्रकाश घेतो. (काटेकोर बोलायचे तर काही वेळा तो जास्तीत जास्त वेळाचाही असू शकतो, आणि कथेत याचा उल्लेख आहे, हे मला फार आवडले.) आता कमीत कमी वेळेचा मार्ग ठरवायचा तर मुक्काम आधी ठाऊक हवा. गणित दोन्ही वर्णनांचे एकच निघते, पण एकात घटना एकामागून एक उलगडतात आणि दुसऱ्यात आरंभ आणि शेवट एकाच वेळी हाताशी असतात. माणूस पहिल्या रीतीने जगतो, हेप्टापॉड दुसऱ्या. दुसऱ्या रीतीने पाहणाऱ्याला ‘योगायोग’ ही कल्पनाच उरत नाही, कारण बैठकीतला शब्द आणि मुलीचा प्रश्न एकाच मार्गावरचे दोन बिंदू ठरतात.

मात्र प्रकाशाला खरोखर मुक्काम आधी कळतो, असे कुणी यातून समजू नये. तरंग सर्वच मार्गांनी जातात. योग्य मार्गाच्या आसपासचे एकमेकांना बळ देतात आणि बाकीचे एकमेकांना पुसून टाकतात. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी १९४८ साली पुंजयामिकीसाठी (क्वांटम मेकॅनिक्ससाठी) हीच मांडणी केली. लेखकाने या तत्त्वाचा उपयोग एक दृष्टी म्हणून केला आहे आणि तेवढी सूट मी आनंदाने देतो.

बोलीवेल्हाळ

भौतिकशास्त्राला सूट मिळाली, आता भाषाशास्त्राची पाळी. भाषा बदलली की काळाची जाणीव बदलते, हा विचार बेंजामिन ली व्होर्फ यांच्या नावाने ओळखला जातो. व्यवसायाने ते विमा कंपनीत आगप्रतिबंधक अभियंता होते, आणि अमेरिकेतील होपी या मूळ रहिवाशांच्या भाषेत आपल्यासारखी काळाची कल्पना नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९८३ साली भाषाशास्त्रज्ञ एकेहार्ट मालोत्की यांनी होपी भाषेतील काळविषयक रचनांचा जाडजूड अभ्यास प्रसिद्ध करून ते खोडून काढले. आज टिकून आहे तो सौम्य दावा. ऑस्ट्रेलियातील कूक थायोर भाषिकांना एखाद्या प्रसंगाची चित्रे क्रमाने लावायला सांगितली, तर ते ती पूर्वेकडून पश्चिमेकडे लावतात, मग ते कोणत्याही दिशेला तोंड करून बसलेले असोत. भाषेच्या सवयीमुळे लक्ष वेगळीकडे जाऊ शकते. भविष्य दिसू लागते, असा मात्र कोणताही पुरावा नाही.

तरीही लिपीची कल्पना अस्सल आहे. हेप्टापॉडांचे लेखन त्यांच्या बोलण्याशी बांधलेले नाही, ते पानभर पसरते आणि एकच रेघ अनेक वाक्यांशांत शिरते. पहिली रेघ ओढण्यापूर्वी शेवटच्या रेघेची जागा माहीत असावी लागते. फर्माचे तत्त्व इथे लेखनात उतरले आहे, म्हणून मी या कथेला केवळ ‘व्होर्फची गोष्ट’ म्हणणार नाही.

मध्यमा

भांड्याच्या प्रसंगाबद्दल मला वेगळे म्हणायचे आहे. लुईस स्वतः सांगते की हात पुढे करताना तिला कसलीही सक्ती जाणवली नाही. पडणारे भांडे झेलायला धावण्याइतकेच ते तिला सहज वाटले. विवाहसमारंभात सर्वांना माहीत असलेले शब्दसुद्धा उच्चारावेच लागतात, कारण उच्चारल्यानेच विवाह होतो, असा विचार कथेत येतो. त्या न्यायाने, आई कृती करते ती घटना टाळण्यासाठी नव्हे, पूर्ण करण्यासाठी. हे पटवून घेणे अवघड आहे आणि ते तसे अवघडच असायला हवे.

हेप्टापॉडांचे निघून जाणे मला उणीव वाटत नाही. दोन्ही बाजू एकमेकांशी बोलू शकतात, देवाणघेवाणही होते, पण ते का आले होते हे कुणालाच कळत नाही. भाषा येते म्हणून हेतू कळतोच असे नाही, आणि लुईसचे घरही त्याला अपवाद नाही. जिच्या कुशीत मूल वाढणार आहे त्या आईलासुद्धा मुलीचे मन पुरते उलगडत नाही. शिवाय सगळे निवेदन त्या मुलीला उद्देशून, ‘तू’ म्हणत केलेले आहे आणि तिच्या आयुष्यातले प्रसंग भविष्यकाळात सांगितले आहेत. गर्भधारणेच्या रात्री ती अजून जन्मलेली नसते आणि गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला ती गेलेली असते. ही कहाणी जिच्यासाठी आहे तिला ती ऐकायला मिळत नाही.

याच कथेवरून २०१६ साली आलेल्या ‘अरायव्हल’ या चित्रपटात मुलीचा मृत्यू आजाराने होतो. अपघात टाळता आला असता, ही शंका तिथे उरत नाही, आणि शिशिरपर्ण यांचा प्रश्नच मग निम्मा सोपा होऊन जातो. मला पुस्तकातली निवड अधिक धीट वाटते.

अपवर्तन

मध्यमा, अपघाताबद्दल सहमत आहे. फक्त चित्रपटात लुईसला भविष्याच्या ज्ञानाचा उपयोग करून संकट टाळता येते. पुस्तकात तिला ते ज्ञान काहीही बदलण्यासाठी वापरता येत नाही. फर्माच्या तत्त्वाशी प्रामाणिक राहायचे तर लेखकाला दुसरा मार्गच नव्हता.